सरासरी रेषेआड दडलेल्या रेषा: लेटंट ग्रोथ मॉडेल सोप्या भाषेत

वय वाढतं तशी स्मरणशक्ती घटते. नव्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांचं वाचन सुधारलं. उपचार सुरू झाल्यावर नैराश्य हळूहळू ओसरलं. अशा बातम्या अधूनमधून येत असतात. त्यांच्या मुळाशी असलेला अहवाल उघडला की आलेखावर बहुधा एकच रेषा दिसते, आणि वाचणारा धरून चालतो की सगळ्यांचं असंच झालं. ती रेषा सरासरीची असते. अभ्यासातल्या एकाही माणसाची वाटचाल तिच्याशी जुळत नसेल, असंही होऊ शकतं.

त्याच अहवालात पुढे एखादं वाक्य येतं: ‘सुरुवातीला मागे असलेल्यांची प्रगती अधिक वेगाने झाली.’ हे कुठून कळलं? अनेकदा उत्तर असतं, लेटंट ग्रोथ मॉडेलमधून. पद्धत चांगली आहे. पण तिच्या निष्कर्षांतला एक मोठा भाग संशोधकाने काळ कसा मांडला यावर ठरतो, आणि बातमीत तो तपशील जवळजवळ कधीच येत नाही.

## दोन न दिसणाऱ्या गोष्टी

समजा, काही शे विद्यार्थ्यांची वाचनचाचणी दर सहा महिन्यांनी, अशी एकूण चार वेळा घेतली. प्रत्येकाचे चार गुण हाताशी आहेत. या चार गुणांमागे दोन गोष्टी दडल्या आहेत असं हे मॉडेल मानतं. पहिली आरंभपातळी, म्हणजे तो विद्यार्थी कुठून निघाला. संख्याशास्त्रात हिला इंटरसेप्ट म्हणतात. दुसरी वाढीचा वेग, म्हणजे दर सहा महिन्यांना तो किती सरकला. हा झाला स्लोप. दोन्ही थेट मोजता येत नाहीत, म्हणून त्यांना ‘लेटंट’, म्हणजे सुप्त, म्हणायचं. एवढ्याने न उलगडणारं जे उरतं, त्या दिवशीचा थकवा, अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर, चाचणीतला ढिसाळपणा, ते सगळं ‘शिल्लक’ या खात्यात जातं.

मांडणी अशी: एखाद्या वेळचा गुण = आरंभपातळी + (वेग × काळ) + शिल्लक. चार चाचण्यांसाठी काळाचे आकडे 0, 1, 2, 3. हे आकडे संशोधक स्वतः ठरवून मॉडेलमध्ये घट्ट बसवतो. त्यांना लोडिंग म्हणतात. आरंभपातळीचं लोडिंग चारही वेळा 1 असतं.

यातून पाच मुख्य आकडे हाती येतात: आरंभपातळीची सरासरी, वेगाची सरासरी, या दोन्हींत माणसामाणसांत असलेला फरक, आणि आरंभ व वेग यांचं आपसातलं नातं. फरक मोजण्याचं माप म्हणजे प्रचरण. त्याचं वर्गमूळ काढलं की ओळखीचं प्रमाण विचलन मिळतं.

आपल्या काल्पनिक विद्यार्थ्यांच्या बाबतीत आरंभपातळीची सरासरी 40, वेगाची सरासरी 3, आणि वेगाचं प्रमाण विचलन 2 धरू. सरासरी रेषा 40, 43, 46, 49 अशी छान चढत जाते. पण वेग घंटाकृती वक्राप्रमाणे विखुरलेले असतील, तर शंभरातल्या सुमारे सात विद्यार्थ्यांचा वेग शून्याखाली आहे. सरासरी चढत असताना हे सात जण उतरताहेत. बातमीत आला तो 3. ज्यांना विद्यार्थ्यांसाठी काही करायचं आहे, त्यांच्या कामाचा आकडा 2 आहे.

## न दिसणारा वेग सॉफ्टवेअरला कळतो कसा?

प्रत्येक विद्यार्थ्याची रेषा वेगळी काढून मग त्यांची सरासरी घेतात, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं होत नाही. मॉडेल बघतं ते गुणांच्या पसाऱ्याकडे. सगळ्यांचा वेग सारखा असेल तर रेषा समांतर धावतील, आणि पहिल्या चाचणीत गुण जितके पसरलेले होते तितकेच चौथ्या चाचणीतही असतील. वेग वेगवेगळे असतील तर पसारा काळाबरोबर बदलेल. पुढे असलेले जास्त वेगाने गेले तर रेषा पंख्यासारख्या फाकतील. मागचे जास्त वेगाने आले तर त्या आधी जवळ येतील, एकमेकींना छेदतील आणि मग पुन्हा फाकतील.

आपल्या उदाहरणात आरंभपातळीचं प्रचरण 25, वेगाचं 4, आरंभ आणि वेग यांचं सहप्रचरण (दोन्ही एकमेकांबरोबर किती आणि कोणत्या दिशेने बदलतात याचं माप) उणे 6 आणि शिल्लकेचं प्रचरण 20 धरलं, तर चार चाचण्यांमधलं एकूण प्रचरण 45, 37, 37, 45 असं येतं. पहिल्या आणि शेवटच्या चाचणीचाच पसारा बघणारा म्हणेल, काहीच बदललं नाही. प्रत्यक्षात विद्यार्थ्यांची क्रमवारी बरीच ढवळून निघाली आहे: पहिल्या आणि चौथ्या वेळच्या खऱ्या, म्हणजे शिल्लक वगळलेल्या, पातळ्यांमधला सहसंबंध फक्त 0.28 उरला आहे.

मॉडेल हेच उलट दिशेने करतं. सरासऱ्या, प्रचरणं आणि सहप्रचरणं डेटामधून घेतं आणि ती कोणत्या आरंभपातळ्यांतून व वेगांतून निर्माण झाली असतील ते शोधतं. यासाठी पुरेशी माहिती हवी. चार चाचण्यांमधून 4 सरासऱ्या आणि 10 प्रचरणं-सहप्रचरणं, असे 14 आकडे मिळतात. सरळ रेषेच्या मॉडेलला त्यातून 9 आकडे काढायचे असतात: वरचे पाच, आणि चारही चाचण्यांच्या शिल्लकेचं प्रत्येकी एक प्रचरण. उरलेल्या 5 आकड्यांच्या जोरावर मॉडेल डेटाशी जुळतं की नाही, हे तपासता येतं. तीन चाचण्या असतील तर 9 आकड्यांमधून 8 काढायचे, म्हणजे तपासायला जेमतेम एक उरतो. दोन चाचण्यांत माहिती 5 आकड्यांची आणि प्रश्न 7. गणित सुटतच नाही.

ही पद्धत अचानक उगवलेली नाही. संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव आणि मानसशास्त्रीय मापनाचे अभ्यासक लेडयार्ड टकर यांनी 1958 मध्ये आपापल्या लेखांतून तिची बीजं मांडली. आज वापरतात ते रूप विल्यम मेरेडिथ आणि जॉन टिसाक यांच्या 1990 च्या लेखाशी जोडलं जातं.

## शेवटच्या गुणांतून पहिले वजा केले तर काय बिघडतं?

सरासरी बदल हवा असेल तर काहीच बिघडत नाही. वजाबाकीला उगाच बदनाम केलं जातं. अडचण येते ती कोण किती बदललं हे सांगताना.

वरच्याच आकड्यांत बघा. पहिल्या ते चौथ्या चाचणीपर्यंतच्या खऱ्या बदलाचं प्रचरण 36 आहे. वजाबाकीत मात्र दोन्ही वेळची शिल्लक येऊन बसते: 20 आणि 20, म्हणजे 40. विद्यार्थ्याविद्यार्थ्यांत दिसणाऱ्या फरकाचं एकूण प्रचरण 76, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग निव्वळ गोंधळ. पहिल्या दिवशी ज्याचा पेपर बिघडला तो पुढच्या वेळी काहीही न करता ‘सुधारलेला’ दिसतो. ज्याचं नशीब त्या दिवशी जोरावर होतं तो ‘घसरलेला’ दिसतो. तीन किंवा अधिक मोजमापं असली की मॉडेल ही शिल्लक वेगळी काढू शकतं.

## किती वेळा मोजायचं, आणि किती काळ?

अभ्यास आखताना सगळ्यात जास्त पैसा आणि मेहनत इथे चुकीच्या जागी खर्च होते. मोजमापं जितकी जास्त तितकं चांगलं, ही धारणा अर्धवट खरी आहे. एकूण काळ किती ताणला, याला त्याहून जास्त महत्त्व आहे.

हिशेब करून बघता येतो. प्रत्येक चाचणीची वेळ सगळ्या वेळांच्या सरासरीपासून किती दूर आहे ते घ्या, त्या अंतरांचे वर्ग करा आणि बेरीज करा. 0, 1, 2, 3 साठी ही बेरीज 5 येते. शिल्लकेचं प्रचरण 20 ला 5 ने भागलं की 4 मिळतात. एका विद्यार्थ्याच्या वेगाच्या अंदाजात एवढा गोंधळ आहे. वेगातला खरा फरकही 4 च आहे. म्हणजे दिसणाऱ्या फरकातला खरा वाटा 0.50.

आता त्याच दीड वर्षात चारऐवजी सात चाचण्या घेतल्या, दर तीन महिन्यांनी एक, तर हा वाटा साधारण 0.58 होतो. त्याऐवजी चारच चाचण्या ठेवून दोन चाचण्यांमधलं अंतर एक वर्षाचं केलं, एकूण तीन वर्षं, तर तो थेट 0.80 वर जातो. तीन जादा चाचण्यांनी जे साधलं नाही ते थांबण्याने साधलं. अट एकच: तेवढा काळ वाढ सरळ रेषेत चालली पाहिजे.

माणसं किती हवीत याला एक आकडा नाही. शंभराच्या खाली सहसा कुणी जात नाही, पण वेगातला खरा वाटा कमी असेल तर शंभर अगदीच अपुरे पडतात. अशा वेळी सॉफ्टवेअर कधीकधी वेगाचं प्रचरण ऋण दाखवतं. प्रचरण ऋण असूच शकत नाही. कारण बहुधा तीनपैकी एक असतं: वेगात खरोखर फरक नाही, मोजमापं अपुरी आहेत, किंवा रेषेचा आकार चुकीचा धरला आहे. तो आकडा गुपचूप शून्य करून पुढे जाण्याआधी तिसरी शक्यता तपासायला हवी.

## शून्य कुठे ठेवला?

आता त्या वाक्याकडे येऊ: ‘सुरुवातीला मागे असलेल्यांची प्रगती अधिक वेगाने झाली.’

वरच्या उदाहरणात आरंभ आणि वेग यांचा सहसंबंध काढला तर उणे 0.6 येतो. वाक्य बरोबर ठरलं. आता डेटाला हात न लावता फक्त काळाचे आकडे बदलू. 0, 1, 2, 3 ऐवजी उणे 3, उणे 2, उणे 1, 0. शून्य आता शेवटच्या चाचणीवर आला, आणि इंटरसेप्ट म्हणजे शेवटची पातळी झाली. हा सहसंबंध अधिक 0.6 येतो! शून्य बरोबर मध्यावर ठेवला तर तो नेमका 0.

यात फसवाफसवी काही नाही. धावण्याची शर्यत डोळ्यांसमोर आणा. जोरात धावणारे मागून निघाले आहेत. निघताना फोटो काढला तर ते मागे दिसतात. शेवटी काढला तर पुढे. मधे एका क्षणी सगळे एकत्र असतात, आणि त्या फोटोवरून कोण वेगवान आहे ते कळत नाही. फोटो तिन्ही खरे. कोणता फोटो पाहतोय, हे मात्र सांगावं लागतं.

म्हणून ‘आरंभ आणि वेग यांचा संबंध ऋण आहे’ हे वाक्य शून्याची जागा सांगितल्याशिवाय अपुरं आहे. त्यातही ‘आरंभ’ म्हणजे संशोधकाने पहिली चाचणी घेतली तो दिवस. मुलं त्याच्या आधीपासून वाचत होती. अभ्यास वर्षभर आधी सुरू झाला असता तर हाच सहसंबंध वेगळा आला असता. कार्यक्रम त्या दिवशी सुरू झाला, शाळाप्रवेश झाला, उपचाराचा पहिला दिवस, अशी ठोस खूण असेल तर तिथे शून्य ठेवण्यात अर्थ आहे. नसेल तर या सहसंबंधावर मथळा रचू नये.

काळाच्या आकड्यांबाबत आणखी एक चूक सर्रास होते. चाचण्या 0, 6, 12 आणि 24 व्या महिन्यात झाल्या, आणि लोडिंग मात्र सवयीने 0, 1, 2, 3 दिलं. इथे हवं 0, 1, 2, 4. गुण 40, 43, 46, 52 असे अगदी सरळ रेषेत वाढत असले तरी चुकीच्या लोडिंगमुळे शेवटी वाढ एकदम वेगावल्यासारखी दिसते.

एककाचंही तसंच. वेग ‘दर सहा महिन्यांना 3’ असेल तर तो ‘दर वर्षाला 6’ आहे आणि त्याचं प्रचरण 4 नव्हे, 16. दोन अभ्यासांतले वेग शेजारीशेजारी ठेवण्याआधी एककं बघावीत. एकक महिना धरलं तर हेच प्रचरण 0.11 इतकं बारीक होतं, आणि अशा बारीक आकड्यांवर सॉफ्टवेअर कधीकधी अडखळतं.

## वाढ सरळ रेषेतच होते असं कुणी सांगितलं?

कुणीच नाही. सरळ रेषा ही सुरुवात आहे. वक्र हवा असेल तर काळाच्या वर्गाचं तिसरं सुप्त पद जोडता येतं. पण त्यासाठी किमान चार मोजमापं लागतात, आणि चारांत तपासायला एकच आकडा उरतो. पाच असतील तर बरं.

दुसरा मार्ग जास्त लवचिक आहे: पहिलं लोडिंग 0, शेवटचं 1, आणि मधली मॉडेललाच शोधू द्यायची. उत्तर 0, 0.6, 0.9, 1 आलं तर एकूण बदलातला 60 टक्के भाग पहिल्या टप्प्यातच होऊन गेला. वाचायला सोपं, सांगायला सोपं. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत असते, की प्रत्येकाच्या वाढीचा आकार तोच आहे आणि फरक केवळ मात्रेचा आहे.

एखाद्या घटनेमुळे वळण आलं असेल तर दोन तुकडे करतात. पाच मोजमापं आणि तिसऱ्यावर वळण असेल तर पहिल्या वेगाचं लोडिंग 0, 1, 2, 2, 2 आणि दुसऱ्याचं 0, 0, 0, 1, 2. वळणाची जागा आधी ठरवलेली असावी. डेटा पाहून जिथे छान दिसेल तिथे वळण ठेवलं तर काहीही सिद्ध करता येतं.

मॉडेल डेटाशी किती जुळतं हे सांगणारे सीएफआय आणि आरएमएसईए असे दोन निर्देशांक आहेत. सीएफआय 0.95 च्या आसपास किंवा वर आणि आरएमएसईए 0.06 च्या आसपास किंवा खाली, हे 1999 पासून रूढ झालेले निकष वापरले जातात. ते कायदे नव्हेत. तीन मोजमापांच्या, लहान नमुन्याच्या मॉडेलमध्ये आरएमएसईए मॉडेल बरोबर असूनही भयंकर दिसू शकतो.

## मोजपट्टीच बदलली तर?

प्रत्येक वेळी तीच गोष्ट तशीच मोजली गेली, असं मॉडेल समजतं. पहिल्या चाचणीत उतारे सोपे आणि तिसऱ्या चाचणीत अवघड असतील तर वेगाचा आकडा विद्यार्थ्यांबद्दल कमी आणि पेपर काढणाऱ्यांबद्दल जास्त सांगेल. प्रश्नावली असेल तर प्रश्नांचा अर्थ काळाबरोबर तोच राहिला का, हे आधी तपासावं लागतं.

चाचणीची कमाल मर्यादा हाही एक सापळा. 60 पैकी 57 मिळवणाऱ्याला वाढायला तीनच गुणांची जागा आहे. मग पुढे असलेले ‘मंदावलेले’ दिसतात, आणि ‘मागे असलेले वेगाने आले’ हा निष्कर्ष फुकटात मिळतो.

सगळ्यात घातक चूक मात्र भल्या हेतूने होते. तुलना सोपी व्हावी म्हणून प्रत्येक चाचणीचे गुण त्या-त्या वेळची सरासरी 0 आणि प्रमाण विचलन 1 होईल असे बदलले जातात. त्याबरोबर सरासरी वाढ पुसली जाते, पसाऱ्यातला बदलही पुसला जातो. म्हणजे मॉडेल ज्याच्या आधारे वेग ओळखतं तेच आपण आधी घासून काढलं. गुण बदलायचेच असतील तर चारही वेळा पहिल्या चाचणीचीच सरासरी आणि तिचंच प्रमाण विचलन वापरावं.

सॉफ्टवेअरमध्येही अशीच एक फट आहे. या मॉडेलमध्ये मोजलेल्या गुणांचे स्वतःचे इंटरसेप्ट (प्रत्येक चाचणीचं वेगळं स्थिर पद, सुप्त आरंभपातळी नव्हे) शून्यावर बांधायचे असतात आणि सुप्त सरासऱ्या मोकळ्या सोडायच्या असतात. आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतल्या लावान पॅकेजमधलं ‘ग्रोथ’ फंक्शन हे आपोआप करतं. त्याच पॅकेजमधलं साधं फॅक्टर मॉडेलचं फंक्शन करत नाही. मॉडेल चालतं, निकाल येतो, आणि त्यात वेगाची सरासरी नसते.

## मध्येच गळालेल्यांचं काय?

दीर्घ अभ्यासात माणसं गळतातच. ज्यांची चारही मोजमापं आहेत तेवढेच ठेवणं हा वाईट उपाय आहे, कारण टिकून राहणारे बहुतेकदा वेगळ्या घडणीचे असतात. मॉडेल प्रत्येकाचे जेवढे गुण उपलब्ध आहेत तेवढे वापरू शकतं. दोन चाचण्या दिलेल्याचीही माहिती वाया जात नाही.

मात्र यात एक अट आहे. गळण्याचं कारण आधी नोंदलेल्या माहितीत दिसलं पाहिजे. दुसऱ्या चाचणीत कमी गुण मिळाले म्हणून एखादा सोडून गेला, तर तो कमी गुण आपल्याकडे आहे आणि मॉडेल त्याची दखल घेतं. पण दुसऱ्या चाचणीनंतर त्याचं वाचन बिघडलं आणि म्हणून तिसऱ्याला आलाच नाही, तर ती घसरण कुठेच नोंदलेली नाही. सरासरी वेग फुगतो. गळालेल्यांचे आधीचे गुण टिकलेल्यांच्या गुणांशी ताडून पाहणं ही किमान काळजी झाली. अहवालात ती तुलना नसेल तर आकडे जपून वाचावेत.

## हे तर मल्टिलेव्हल मॉडेलच झालं!

मल्टिलेव्हल मॉडेल म्हणजे प्रत्येक माणसाची अनेक मोजमापं त्याच्या खाली बांधून, माणसागणिक वेगळा आरंभ आणि वेग धरणारं मॉडेल. आक्षेप रास्त आहे. साध्या सरळ रेषेसाठी आणि दर वेळी सारख्याच शिल्लकेसाठी दोन्हींची उत्तरं एकच येतात. प्रत्येकाची चाचणी वेगवेगळ्या तारखेला झाली असेल तर मल्टिलेव्हल मांडणी जास्त सोयीची. लोडिंग मोकळी सोडायची असतील, वाचन आणि आत्मविश्वास अशा दोन वाढी एकत्र अभ्यासायच्या असतील, किंवा वेगावरून पुढच्या एखाद्या परिणामाचं भाकीत करायचं असेल, तर लेटंट ग्रोथ मॉडेल हाताला सोपं जातं.

## गट पाडता येतात, कारणही सांगता येतं?

‘झपाट्याने वाढणारे’, ‘स्थिर’, ‘घसरणारे’ असे गट या मॉडेलच्या एका विस्तारित रूपातून सॉफ्टवेअर शोधून देतं, आणि बातम्यांना असे गट फार आवडतात. डॅनियल बाऊर आणि पॅट्रिक करन या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवून दिलं की डेटा एकाच गटातून आला असला, पण त्याचं वितरण घंटाकृती नसून एका बाजूला कललेलं असलं, तरी ही पद्धत त्यात एकाहून अधिक गट ‘शोधते’. गट सापडले म्हणजे ते आहेत असं होत नाही. दुसऱ्या नमुन्यातही तेच गट सापडतात का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

कारणाचं उत्तर मॉडेलमध्ये नसतं, ते अभ्यासाच्या आखणीत असतं. विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले असतील आणि शून्य कार्यक्रम सुरू झाला त्या दिवशी असेल, तर आरंभपातळीत गटांमध्ये फरक नसावा, आणि वेगातला फरक हा कार्यक्रमाचा परिणाम मानता येतो. ज्यांनी आपणहून कार्यक्रम निवडला त्यांचा वेग जास्त असेल, तर तो वेग कार्यक्रमाने दिला की आधीपासूनच होता, हे वेगळं करता येत नाही. वाचनाचा वेग आणि आत्मविश्वासाचा वेग यांच्यात सहसंबंध सापडला, तर एवढंच कळतं की ज्यांचं एक झपाट्याने वाढलं त्यांचं दुसरंही वाढलं. आधी काय हललं, ते या मॉडेलमध्ये दिसत नाही.